नेत्रिकेतला ग्रह लहान नसतो

घरामागच्या अंगणातून पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस बहुतेक वेळा एकच शब्द उच्चारतो, ‘एवढासाच?’ माझ्याही तोंडून तोच निघाला होता. समोर गुरू होता, सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह, आणि काळ्याभोर वर्तुळाच्या मधोमध तो पिवळसर, जेमतेम मण्याएवढा दिसत होता. व्हॉयेजर, कॅसिनी आणि जुनो यानांनी पाठवलेली छायाचित्रे लहानपणापासून पाहत आलेल्या डोळ्यांची जी अपेक्षा असते, तिच्या शतांशानेही काही दिसत नव्हते. पुढे मी कागदावर साधे गणित मांडले तेव्हा लक्षात आले की, गुरूचा आकार अजिबात लहान नव्हता. त्याच्याकडे पाहण्याची सवय मात्र मला लावून घ्यावी लागणार होती.

ते गणित असे आहे. अंशाच्या साठाव्या भागाला कला आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला म्हणतात. पूर्ण चंद्राचा आकाशातील व्यास साधारण ३० कला, म्हणजे १८०० विकला भरतो. २०२२ च्या सप्टेंबरअखेरीस गुरू पृथ्वीपासून सुमारे ५९ कोटी किलोमीटरवर आला होता. १९६३ नंतर तो इतक्या जवळ आलेला नव्हता, आणि त्या वेळी त्याचा व्यास जवळजवळ ५० विकला होता. माझ्या दुर्बिणीच्या मुख्य आरशाचा व्यास १५० मिलिमीटर आणि नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते त्या बिंदूपर्यंतचे अंतर, १२०० मिलिमीटर आहे. या अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागले की वर्धनक्षमता मिळते, त्यामुळे २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर प्रतिमा ४८ पट मोठी होते. पन्नास विकलांना ४८ ने गुणले की २४०० विकला होतात. म्हणजे त्या संध्याकाळी सर्वांत कमी वर्धनाच्या नेत्रिकेतूनही गुरू मला नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्रापेक्षा मोठा दिसत होता, आणि तरीही मी ‘एवढासाच?’ म्हणत होते. चंद्र सोयीच्या दिशेला असेल तर एक डोळा नेत्रिकेला लावून दुसऱ्या उघड्या डोळ्याने चंद्राकडे पाहावे. दोन्ही बिंबे शेजारी शेजारी दिसतात आणि हिशेब पटतो. चंद्राच्या सोबतीला झाडे असतात, छपरे असतात, क्षितिज असते. नेत्रिकेत यांपैकी काहीच नसते, त्यामुळे मनाला मोजमापाला काही सापडत नाही आणि ते आपल्या अंदाजाने आकार आक्रसून टाकते.

दुर्बिणीविषयी थोडे सांगते, कारण तिचा स्वभाव ठाऊक असल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. ती आरशाची, न्यूटनच्या पद्धतीची परावर्ती दुर्बीण आहे. न्यूटनने अशी पहिली दुर्बीण १६६८ मध्ये तयार केली आणि मूळ रचना आजही जवळजवळ तीच आहे: नळीच्या तळाशी अंतर्वक्र मुख्य आरसा आणि तोंडापाशी तिरका बसवलेला लहान सपाट आरसा, जो प्रकाश बाजूच्या नेत्रिकेकडे वळवतो. माझ्या दुर्बिणीची बैठक जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केलेल्या साध्या लाकडी धाटणीची आहे. तिला मोटर नाही, नळी हाताने ढकलावी लागते. या साधेपणाबद्दल मी तिची ऋणी आहे. ग्रह स्वतः शोधावा लागला, नळीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीच्या फुलीवर आणावा लागला आणि निसटला की पुन्हा पकडावा लागला, त्यामुळे आकाशाची ओळख आपसूकच होत गेली.

फोकसचे चाक फिरवताना जे दिसते ते मला आजही पाहावेसे वाटते. प्रतिमा फोकसच्या बाहेर असते तेव्हा ग्रहाच्या जागी मधोमध काळे भोक असलेले एक फिकट, थरथरणारे कडे दिसते; ते भोक म्हणजे त्या लहान तिरक्या आरशाची सावली. चाक हळूहळू फिरवले की कडे आत आत येते, भोक बुजते, उजेड एकवटतो आणि एका क्षणी त्याला स्पष्ट कडा फुटते. गुरूच्या बाबतीत ती कडा पूर्ण गोल नसते, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. अवघ्या दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरणारा हा वायूचा गोळा विषुववृत्तापाशी फुगलेला आहे. त्याचा ध्रुवीय व्यास विषुववृत्तीय व्यासापेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी आहे, आणि एवढा फरक डोळ्याला सहज जाणवतो. थोडे थांबले की बिंबावर दोन करड्या-तपकिरी पट्ट्या उमटतात, आणि पट्ट्यांच्याच दिशेने दोन्ही बाजूंना चार ठिपके जवळपास एका रेषेत उभे असलेले दिसतात, ते गुरूचे चंद्र: आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो.

माझ्यानंतर आईने डोळा लावला. तिने पट्ट्यांबद्दल काही विचारले नाही, चंद्रांबद्दलही नाही. काही क्षणांनी ती म्हणाली, “अगं, हा तर पळतोय!” आणि डोळा न काढता नळी कुठल्या बाजूला ढकलायची ते विचारू लागली. तिने नेमके मर्मावर बोट ठेवले होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, परंतु १० मिलिमीटरची नेत्रिका लावून १२० पट वर्धन केले की तेच सरकणेही १२० पट वेगवान होते, आणि ग्रह दृश्यक्षेत्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दीड-पावणेदोन मिनिटांत निघून जातो. पृथ्वी फिरते हे आपण शाळेत पाठ केलेले असते. इथे तिच्या फिरण्याचा वेग हाताने भरून काढावा लागतो.

गुरू पाहणाऱ्याला लागणारे खरे वेड त्या चार ठिपक्यांचे असते. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी आपल्या सुमारे वीस पट वर्धन करणाऱ्या दुर्बिणीतून त्यांतले तीन पाहिले आणि ते तारे असावेत असे समजून टिपून ठेवले. दुसऱ्या रात्री त्यांची मांडणी बदललेली होती. पुढच्या काही रात्रींत चौथाही सापडला आणि ते गुरूभोवती फिरत आहेत याविषयी त्याला शंका उरली नाही. हा इतिहास मी अनेकदा वाचला होता, परंतु त्यातला जोर कळला तो स्वतः वहीत रेषा ओढून ठिपके मांडू लागल्यावरच. आयोला गुरूभोवतीच्या एका फेरीला सुमारे साडेबेचाळीस तास लागतात. तो गुरूच्या समोरून जात असताना तासाभरात ग्रहाच्या व्यासाच्या निम्म्याला थोडे कमी अंतर कापतो, म्हणजे सायंकाळी काढलेले चित्र झोपण्यापूर्वीच चुकीचे ठरते. कधी एखादा चंद्र बिंबाच्या कडेला चिकटतो आणि दिसेनासा होतो, कधी मोकळ्या आकाशात असतानाच गुरूच्या सावलीत शिरून मालवतो. सर्वांत पाहण्यासारखी असते ती चंद्राची गुरूवर पडणारी सावली. ढगांच्या पट्ट्यांवर टाचणीच्या टोकाएवढा, शाई सांडल्यासारखा काळा ठिपका असतो आणि त्याच्या काळेपणामुळे बाकीचे बिंब किती उजळ आहे ते अचानक ध्यानात येते. त्या ठिपक्याच्या जागी तेव्हा खग्रास सूर्यग्रहण चालू असते.

याच आयोच्या ग्रहणांच्या वेळा नोंदवताना डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर याला १६७६ मध्ये आढळले की, पृथ्वी गुरूपासून दूर जात असते तेव्हा ग्रहणे अपेक्षेपेक्षा उशिरा दिसतात आणि जवळ येत असते तेव्हा लवकर दिसतात. प्रकाशाला वेग असतो, तो एका क्षणात सर्वत्र पोहोचत नाही, हे त्याने त्यावरून दाखवून दिले. अंगणातल्या दुर्बिणीने असे काही सिद्ध करण्याची माझी महत्त्वाकांक्षा नाही. तरी ज्या ठिपक्यावरून हे निघाले तो ठिपका घड्याळ हातात धरून आपणही पाहू शकतो, हे मला फार मोलाचे वाटते.

आता हवेविषयी, कारण ग्रहदर्शनातला अर्धा भाग हवाच ठरवते. नवखा माणूस चांदण्या लखलखत असल्या की खूश होतो आणि दुर्बीण बाहेर काढतो. ग्रहांसाठी तशी रात्र बहुधा वाईट असते, कारण चांदण्यांचे लुकलुकणे म्हणजे हवेच्या थरांची उलथापालथ, आणि तीच उलथापालथ नेत्रिकेत १२० पट मोठी होऊन येते. अशा वेळी ग्रह वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलतो, ताणला जातो, फुटतो. उलट थोडे धुरकट, वारा पडलेले, कंटाळवाणे वाटणारे आकाश कित्येकदा अप्रतिम प्रतिमा देते. त्यातही ग्रह क्षितिजाजवळ असला तर प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, आणि बिंबाच्या एका कडेला तांबूस व दुसऱ्या कडेला निळसर झालर दिसते. तो दुर्बिणीचा दोष नसतो. ग्रह वर चढेपर्यंत थांबावे, तापलेल्या छपरांवरून पाहणे टाळावे आणि दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवून आरसा हवेइतका थंड होऊ द्यावा, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. दुर्बिणीच्या खोक्यांवर छापलेल्या भल्यामोठ्या वर्धनाच्या आकड्यांना मात्र काही अर्थ नसतो. दुर्बिणीच्या व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याच्या दुपटीपलीकडे वर्धन नेले की प्रतिमा फक्त मोठी आणि अंधूक होते. आणि हवा बहुतेक रात्री तिथपर्यंतही जाऊ देत नाही.

अस्थिर रात्रीसुद्धा मधूनच एखादा क्षण असा येतो की सगळी थरथर थांबते. एक सेकंद, फार तर दोन. तेवढ्यात पट्ट्यांच्या कडांवरचे वेटोळे दिसते, दक्षिणेकडच्या पट्टीतला खळगा दिसतो, आणि योग्य वेळ असेल तर त्या खळग्यात बसलेला फिकट नारिंगी तांबडा डाग, म्हणजे गुरूवरचे प्रचंड वादळ, दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या डागाची लांबी ४० हजार किलोमीटरच्या आसपास मोजली गेली होती. आता ती १६ हजारांच्या आसपास आली आहे, त्यामुळे जुन्या वर्णनांवर विसंबून त्याला शोधणाऱ्याची निराशाच होते. क्षण संपला की पुन्हा सगळे पातळ होते. ग्रह पाहणे म्हणजे अशा क्षणांसाठी डोळा लावून बसणे. नेत्रिकेवर दहा सेकंद देऊन बाजूला होणाऱ्याला जे दिसत नाही ते दहा मिनिटे बसणाऱ्याला त्याच दुर्बिणीतून, त्याच रात्री दिसते. म्हणून पाहुण्यांना दुर्बीण दाखवताना मी आता आधी स्टूल पुढे करते.

शनीच्या बाबतीत असे काही समजावून सांगावे लागत नाही. गुरूला पाहून नाक मुरडणारे लोकही शनी दिसताच गप्प होतात. तो गुरूपेक्षा पुष्कळ लहान दिसतो, त्याच्यावर ठळक पट्टे नसतात, रंगही मिळमिळीत पिवळा असतो. पण कडे दिसते, अगदी ४८ पट वर्धनातही दिसते, आणि ते ग्रहापासून सुटे आहे हे दिसते. ग्रह आणि कडे यांच्यामधल्या काळ्या फटीतून पलीकडचे आकाश दिसते, याने मला कड्यापेक्षाही अधिक थक्क केले. २०२२ मध्ये कडी बऱ्यापैकी उघडलेली होती. स्थिर क्षणी ग्रहाची सावली मागच्या बाजूच्या कड्यावर पडलेली दिसे, आणि दोन्ही टोकांना केसासारखी एक काळी रेघ उमटून जाई. ती खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने १६७५ मध्ये नोंदवलेली कड्यांमधली फट. तिची खरी रुंदी सुमारे ४८०० किलोमीटर आहे. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी डोळा काढून पापण्या मिटल्या, पुन्हा पाहिले, आणि ती नव्हती. तिसऱ्यांदा पुन्हा होती. थोड्या अंतरावर टायटन या शनीच्या चंद्राचा ठिपकाही होता, जो डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने १६५५ मध्ये शोधला.

याच हायगेन्सने १६५९ मध्ये शनीभोवती कुठेही न टेकलेले, पातळ आणि चपटे कडे आहे असा खुलासा केला. त्याआधी जवळपास पन्नास वर्षे लोकांना आपण काय पाहत आहोत तेच कळत नव्हते. गॅलिलिओला १६१० मध्ये शनी तीन गोळ्यांचा बनलेला वाटला. १६१२ मध्ये बाजूचे दोन्ही गोळे नाहीसे झाले आणि तो चक्रावून गेला. आपल्याला कडे पहिल्याच नजरेत दिसते, कारण ते कडे आहे हे आपल्याला आधीपासून माहीत असते. गॅलिलिओच्या दुर्बिणीची प्रतिमा माझ्या दुर्बिणीपेक्षा खूपच खालच्या दर्जाची होती हे खरे, पण हायगेन्सच्या खुलाशाआधी माझी दुर्बीण हाती आली असती तर मला तरी पहिल्या रात्री काय उमगले असते, याची खात्री देता येत नाही. १६१२ साली जे घडले त्याचाच प्रकार २०२५ मध्ये पुन्हा घडला. त्या वर्षी २३ मार्चला पृथ्वीने शनीच्या कड्यांचे प्रतल ओलांडले. शनी तेव्हा सूर्याच्या फार जवळ असल्यामुळे तो प्रसंग प्रत्यक्ष पाहता आला नाही, परंतु वर्षाच्या शेवटी रात्रीच्या आकाशात शनीच्या दोन्ही बाजूंना फक्त एक सुईसारखी रेघ उरली होती. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पसरलेली मुख्य कडी बहुतेक ठिकाणी जेमतेम दहा-वीस मीटरच जाड आहेत, हे वाक्य त्या रेघेकडे पाहताना खरे वाटू लागते. कडी पुन्हा पूर्ण उघडलेली पाहायला २०३२ उजाडेल.

शुक्रावर मी फार वेळ घालवत नाही. त्याच्या ढगांवर दृश्य प्रकाशात पाहण्याजोगे काही नाही आणि अंधारात तो इतका झगझगतो की बिंबाची कडाच दिसत नाही. संधिप्रकाशात पाहिला तरच बरा. सूर्य क्षितिजाखाली गेल्याची खात्री झाल्याशिवाय मात्र त्याच्या आसपास दुर्बीण फिरवू नये, कारण दुर्बिणीतून क्षणभर दिसलेला सूर्यही डोळा कायमचा घालवतो. २०२३ च्या उन्हाळ्यात शुक्र अर्धचंद्रासारखा होता आणि पुढच्या काही आठवड्यांत कोर बारीक होत गेली तसतसे बिंब मोठे होत गेले. पृथ्वीजवळ येत असताना तो आपल्याला आपली अंधारी बाजू दाखवू लागतो, म्हणून असे होते. गॅलिलिओने १६१० च्या अखेरीस शुक्राच्या या चंद्रासारख्या कला पाहिल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो हे त्यातून सरळ निघाले.

मंगळाबद्दल माझे मत जरा कडक आहे. नवख्याला मंगळ पहिल्यांदा दाखवू नये. सुमारे २६ महिन्यांतून एकदा तो प्रतियुतीला, म्हणजे आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला, येतो, तेव्हाचे काही आठवडे सोडले तर तो नारिंगी टिंबापलीकडे काही देत नाही. डिसेंबर २०२२ च्या प्रतियुतीत त्याचा व्यास १७ विकला होता, गुरूच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. त्यावरचे गडद डाग दिसायला लागायच्या आधी बराच काळ नुसते पिवळट-नारिंगी बिंबच दिसत राहिले. मग एकदा त्रिकोणी, खाली निमुळता होत गेलेला करडा आकार जाणवला आणि नकाशाशी ताडून पाहिल्यावर तो सिर्टिस मेजर हा मंगळावरचा गडद प्रदेश निघाला; हायगेन्सने १६५९ मध्ये काढलेल्या मंगळाच्या चित्रात तोच आहे. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ३७ मिनिटांनी मोठा असल्यामुळे रोज त्याच वेळी पाहिले तर जवळपास तीच बाजू समोर येते, थोडीशी मागे सरकलेली, आणि ओळखीचा झालेला आकार काही दिवस पाठोपाठ पाहता येतो.

परंतु सरावलेली नजर फसवतेही, आणि याची सर्वांत मोठी साक्ष मंगळच देतो. इटालियन खगोलशास्त्रज्ञ शियापारेल्लीने १८७७ च्या प्रतियुतीत मंगळावर सरळ रेषांचे जाळे पाहिले. पुढे पर्सिव्हल लॉवेलने अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ येथे वेधशाळा उभारून अशा शेकडो रेषा काढल्या आणि ते बुद्धिमान जीवांनी खणलेले कालवे आहेत असे प्रतिपादन केले. या माणसांची नजर कच्ची नव्हती. दिसण्याच्या सीमेवरचे सुटे डाग जोडून त्यांची रेषा करण्याची डोळ्याला आणि मनाला खोडच असते. म्हणून कॅसिनीची फट दिसली असे वहीत लिहिण्यापूर्वी मी तिला निदान दोन-तीन वेगळ्या स्थिर क्षणांत पुन्हा दिसण्याची संधी देते, आणि चित्र काढून होईपर्यंत नकाशा उघडत नाही.

अंगणातल्या दुर्बिणीचा खरा मानकरी मात्र युरेनस आहे. विल्यम हर्षेलने तो १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधील बाथ येथे, आपल्या राहत्या घराच्या बागेतून शोधला, आणि त्या दुर्बिणीचा आरसा ६.२ इंचांचा होता, म्हणजे माझ्या आरशापेक्षा किंचितच मोठा. तिथला एक ठिपका त्याला ताऱ्यासारखा वाटला नाही. त्याने २२७ पट वर्धनाची नेत्रिका काढून ४६० ची लावली, मग ९३२ ची लावली, आणि ठिपका त्या प्रमाणात मोठा होत गेला. तारे असे मोठे होत नाहीत. कितीही वर्धन केले तरी त्यांचे खरे बिंब दिसत नाही. सुरुवातीला त्याला तो धूमकेतू वाटला. तो ग्रह आहे हे पुढे त्याच्या कक्षेच्या गणितावरून ठरले. ही परीक्षा मी स्वतः करून पाहिली आहे. कमी वर्धनात युरेनस आजूबाजूच्या ताऱ्यांत मिसळून जातो. १२० पट केल्यावर शेजारचे तारे टोकदारच राहतात, आणि त्यांच्यातला एक ठिपका कडा धरून, हिरवट-निळा, इवल्याशा चकतीसारखा वेगळा पडतो. गणित मांडले तर ती चकती नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या पाव व्यासाएवढी भरते.